कापडाचं घर, बारा बाय सतरा

३ जानेवारी

पेन्सिल,

आधी खाली बस, मग वाच. आम्हाला घर मिळतंय.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पत्रात निदान तुला वाक्य पुरं करावं लागतं. मावशीने तुला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवलं होतं तेव्हाही तू असाच होतास, कानाला पेन्सिल आणि तोंडाला कुलूप.

तर काल पाण्याच्या टाकीवर तुझ्या गृहनिर्माण खात्याची नोटीस लागली. गवंडीकाकांनी कट्ट्यावर चढून ती सगळ्यांना वाचून दाखवली. वस्ती उठणार, पण आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीत. शहराबाहेर आठ मजली इमारती बांधल्यात, प्रत्येक कुटुंबाला पक्का फ्लॅट. घरात नळ. घरात संडास. इथपर्यंत आल्यावर काका थांबले, चष्मा पुसला आणि तीच ओळ परत वाचली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अठरा वर्षं पत्र्याखाली काढली रे.

हे सकाळपासून शीळ घालतायत. पहाटे चारपासून बाजारात पोती उतरवून आलेला माणूस शीळ घालताना कधी पाहिलायस? सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "आठ मजले म्हणजे आपला कितवा?" म्हटलं, लागेल तो. तर "हं" म्हणाल्या, अगदी तुझ्यासारखं.

आता कामाचं. तू त्याच खात्यात नकाशे काढतोस, तुला ठाऊक असेल. खिडकी केवढी आहे? कारखान्यात मी दिवसभर लोकांच्या शर्टांचे साचे कापते. आता मला माझ्या घराचे पडदे कापू दे.

तुझी ताई


११ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. आनंद झाला.

खिडकी चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच. स्वयंपाकाच्या बाजूची दोन बाय दोन. एकूण घर दोनशे सत्तर चौरस फूट.

एक सांगू? संमतीपत्रावर सही करायच्या आधी एकदा तिकडे जाऊन या. दोन-चार जणी मिळून जा, सासूबाईंना जमलं तर त्यांनाही न्या. सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी जा. भावोजींच्या कामाच्या वेळेला बस आहे का तेही विचारा.

पडद्याचं कापड अजून कापू नकोस.

इकडे सगळं ठीक.

पेन्सिल


२ फेब्रुवारी

पेन्सिल,

गेलो होतो. मी, सासूबाई, गवंडीकाका आणि मागच्या खोलीतली नर्स. दोन बस बदलल्या, मग पाऊण तास धुळीतून चाललो. घरातून निघाल्यापासून दोन तास दहा मिनिटं. पहिली बस सकाळी सहाला सुटते. हे चारला बाजारात असतात. म्हणजे यांनी आदल्या दिवशीच निघायचं का?

इमारती छान दिसतात, खोटं कशाला बोलू. रंग ताजा आहे. पण लिफ्टच्या जागी भोक आहे आणि त्यावर फळी ठोकलीय. सासूबाईंचा गुडघा तुला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "वर मी एकदा चढेन. खाली आणायला मात्र चौघं लागतील." नर्स हसली आणि त्यांचा गुडघा चोळायला बसली.

चौथ्या मजल्यावर एक बाई जिन्यात भाजी मांडून बसली होती. मागच्या वर्षी दुसऱ्या वस्तीतून तिला इथे आणलं. विचारलं, गिऱ्हाईक येतं का? म्हणाली, "गिऱ्हाईक यायला माणसं हवीत. निम्मे लोक फ्लॅट भाड्याने देऊन परत शहरात गेले, पुलाखाली राहतात. काम तिथेच आहे ना."

म्हणजे पत्र्याखालून निघायचं, आठव्या मजल्यावर जायचं आणि तिथून पुलाखाली.

खिडकी मी टेपने मोजली. चार बाय साडेतीन, सुताचाही फरक नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खिडकीचं माप असं पाठ कुणाला असतं? खालच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लावलाय. सही कुणाच्या बापाला वाचता येणार नाही अशी. पण वर आकडे होते, आणि तुझा नऊ मी ओळखते. शेपूट वर करून उभा असतो. तुझ्या वहीत मी तो शंभरदा दुरुस्त केलाय.

तूच काढलास का तो नकाशा? "हं" नको. वाक्य पुरं कर.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

हो. मीच काढला.

मला कागद आला, त्यात जागा ठरलेली, मजले ठरलेले, प्रत्येक घराचं क्षेत्रफळ ठरलेलं. जागा तिथेच का, तर तिथे जमीन स्वस्त आहे. तिथे राहणार कोण, ते कामाला कसे जाणार, हे मी विचारलं नाही. एका मजल्यावर दहा घरं बसत होती, मी बारा बसवली. त्याबद्दल शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

तू टाळ्या वाजवल्यास असं तुझ्या पत्रात वाचलं, त्या दिवशी मला डबा उघडवला नाही. खरं लिहायची हिंमत नव्हती म्हणून खिडकीचं माप लिहिलं. रागाव. पण हे पुढचं आधी वाच.

गेल्या वर्षी सरकारने शहरांसाठी नवं गृहनिर्माण धोरण छापलं. गुपित काही नाही, मागेल त्याला मिळतं. त्याच्या एक्केचाळीसाव्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात असं आहे की नोटिशीपासून नव्वद दिवसांत वस्तीतल्या दोन तृतीयांश कुटुंबांनी सह्या करून "आम्ही इथेच, या पद्धतीने घरं बांधू" असा आराखडा दिला, तर खात्याला तो ऐकावाच लागतो. ऐकल्याशिवाय एक वीट हलवता येत नाही. आजवर कुठल्याही वस्तीने हे कलम वापरलेलं नाही, कारण त्या पानापर्यंत कुणी पोचतच नाही. मीसुद्धा परवा पोचलो.

नोटीस दोन जानेवारीची. म्हणजे दोन एप्रिलपर्यंत वेळ आहे. किती कुटुंबं आहेत ते मोजा, जमीन मोजा आणि घरं कशी बसतील ते कागदावर काढा. मी खात्याचा माणूस, मी नकाशा काढून दिला तर तो बाद होईल. पण काढायचा कसा हे शिकवायला कुणाची बंदी नाही. तू शर्टाचा साचा काढतेस ना? जमिनीचाही साचाच असतो. सोबत माझी मोजपट्टी पाठवतोय, एक इंच म्हणजे आठ फूट अशी खूण केलीय.

पेन्सिल


२६ फेब्रुवारी

पेन्सिल,

राग नीट घडी घालून कपाटात ठेवलाय, सवडीने काढीन. आत्ता मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

सरकारी मोजणीत आम्ही दोनशे एकतीस कुटुंबं. आम्ही घरोघर फिरून मोजली, तर तीनशे अठरा. एवढी माणसं गेली कुठे होती? कुठे नाही. मोजणारे मंगळवारी सकाळी अकराला आले होते. कुलूप दिसलं की लिहायचं "रिकामं". अकराला कामकरी माणसाच्या घराला कुलूप नाही तर काय तोरण असणार? आणि भाडेकरू तर त्यांनी धरलेच नाहीत. नर्स म्हणाली, "मी रात्रपाळी करून झोपले होते, आतून ओ दिली, तरी रिकामं लिहून गेले. मी काय भूत आहे?"

जमीन मोजायला गवंडीकाकांनी दोरी आणली. दर तीन फुटांवर मी लाल चिंधी शिवली. कारखाना सुटला की रोज दोन तास. पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो, आठव्या दिवशी दोरी धरायला चाळीस माणसं आणि सल्ला द्यायला शंभर. एकूण अडीच एकर भरली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा तेवढीच.

घर कसं असावं हे काकांनी सांगितलं. बारा फूट रुंद, सतरा फूट लांब. पाया आणि खांब असे धरायचे की वर आणखी एक मजला पेलेल. आधी खालचं घर, मग ज्याला जसं जमेल तसं त्याने वरचं बांधावं. "माणूस घर एकदम बांधत नाही," काका म्हणाले, "माणूस घर वाढवतो. मी तीस वर्षं लोकांची वाढवतोय."

आता अडलंय ते सांगते. नियमात रस्ता वीस फूट लिहिलाय. सगळ्या गल्ल्या वीस फुटी केल्या तर दोनशे तीसच घरं बसतात. अठ्ठ्याऐंशी कुटुंबं बाहेर. मी त्यांच्या दारात जाऊन त्यांना मोजलंय, आता त्यांना जागा नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? सह्याही मग कोण करील? लवकर लिही.

ताई


४ मार्च

ताई,

तीनशे अठरा वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्या फाइलवर सहा जणांच्या सह्या आहेत आणि सहाही जणांनी कुलपं मोजली.

रस्त्याला तोड आहे. त्याच धोरणाचं पान चव्वेचाळीस, तक्ता बघ. मधोमध एकच रस्ता वीस फुटी ठेवा. बाकीच्या गल्ल्या बारा फुटी चालतात, अट एवढीच की कुठलंही दार मधल्या रस्त्यापासून शंभर फुटांपेक्षा लांब नको. आग लागली तर बंबाची नळी तेवढी पोचते. मी तुझ्या मापांवरून हिशेब केला, तीनशे अठराच्या तीनशे अठरा बसतात आणि कोपऱ्यात दोन घरांएवढी जागा उरते. सांडपाण्याच्या नळाला शंभर फुटांमागे एक फूट उतार द्या, काकांना सांग, ते समजतील.

पण एक अवघड आहे. मधला रस्ता तुमच्या मुख्य गल्लीतूनच जाऊ शकतो. ती आज अकरा फूट आहे. दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार फूट मागे सरावं लागेल. ज्यांची घरं तोंडाशी आहेत त्यांना आहे ती जागा सोडून आत जावं लागेल. त्यात किराणावाले आहेत. आणि ताई, तुझं घर आहे.

माझं इथलं ठीक चाललंय. टेबल बदललंय, उजेड जरा कमी आहे एवढंच.

पेन्सिल


१३ मार्च

पेन्सिल,

तुझं पत्र वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचलं, किराणावाल्यांच्या आणि माझ्या घराच्या वाक्यांसकट. किराणावाले उठले. म्हणाले, "तोंडाशी दुकान आहे म्हणून पोट चालतं. मी आत गेलो तर गिऱ्हाईक मला शोधत येणार आहे का? ताईंना काय, त्यांचा भाऊ सरकारात आहे, त्यांना कोपराच मिळेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मलाही तो कोपरा जिवापाड प्रिय आहे रे. कारखान्यातून आल्यावर उंबऱ्यात मशीन ठेवून मी शिवते, येणारा-जाणारा थांबतो, चार कामं देतो. मी खडू घेतला, नकाशावर आमच्या घरावर काट मारली आणि मागच्या गल्लीत, नर्सच्या पलीकडे नवा चौकोन काढला. म्हटलं, हे आमचं. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथे ऊन कमी लागेल. बरंच आहे." किराणावाल्यांनी तो चौकोन वाकून बघितला. मग पुढे आले आणि म्हणाले, "खडू इकडे द्या. पण माझं दुकान गल्लीच्या वळणावर, ते ठरलं." ठरलं.

आता दोनशे चौऱ्याहत्तर सह्या झाल्यात. दोनशे बारा लागत होत्या.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणसं सह्या करतात, मान डोलावतात, पण नकाशा कुणाला कळत नाही. "या रेघा म्हणजे भिंती का?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मला उमगलं. कारखान्यात नवा शर्ट काढताना आम्ही आधी स्वस्त कापडावर कच्चा टाका घालतो. कुणाच्या तरी अंगावर चढवतो, काख आवळतेय का बघतो, मगच चांगल्या कापडाला कात्री लावतो. मग घराला कच्चा टाका का नको?

कारखान्याच्या मालकांकडे डाग पडलेल्या चादरींचा गठ्ठा पडून होता. मागितला, दिला. टाकीसमोरच्या मैदानात आम्ही बांबू रोवून अख्खं घर उभं करतोय, खऱ्या मापाचं, बारा बाय सतरा, कापडाच्या भिंतींचं. तुमच्या संचालकबाईंना सभेतर्फे पत्र घातलं. त्या एकोणीस तारखेला सकाळी येतायत.

तू ये. मोजपट्टी तुझी आहे.

ताई


१६ मार्च

ताई,

येता येणार नाही. रजा मिळत नाही. भिंतींना खालून दगड बांधा, वाऱ्याने उडतील.

पेन्सिल


२० मार्च

पेन्सिल,

तुझं दोन ओळींचं कार्ड वाचून मी यांना म्हटलं, बघा, खात्यातले लोक आपल्यासोबत बघतील म्हणून घाबरला. शिकवताना पुढे आणि उभं राहायची वेळ आली की मागे. हे मी बोलले आहे आणि आता ते मला परत गिळायचंय. पण क्रमाने सांगते.

काल सकाळी आठला घर उभं होतं. निळ्या चादरी बाहेरच्या भिंतींना, पांढऱ्या आतल्या. जमिनीवर खडूने चूल, पलंग, मशीन. तू सांगितलेले दगड बांधले होते, तरी एक भिंत उडालीच, आणि शेजारची पोरं ती पकडायला पळाली. वस्तीभरची माणसं रांगेने घरात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येत होती. जो आत जायचा तो आधी हळू बोलायचा, खरंच कुणाच्या घरात आल्यासारखा. नवराबायको आत उभं राहून भांडत होती, कपाट इथे की तिथे. माझा जीव नुसता उड्या मारत होता.

संचालकबाई नवाला आल्या, बरोबर एक उपअभियंता. मला वाटलं होतं लांबून बघून जातील. त्यांनी चपला काढल्या आणि आत आल्या. घरात शिरल्यासारख्या. उपअभियंत्यांनाही मग काढाव्या लागल्या.

सासूबाई न्हाणीघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आजी, इथे का बसलात?"

"दार आत उघडतं ते बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "आत पडले तर माझ्या अंगानेच दार अडेल. बाहेरून उघडणार कोण? ते बाहेरच्या बाजूला फिरवा."

बाईंनी उपअभियंत्यांकडे बघितलं. "आपल्या इमारतीत कसं उघडतं?"

"आत," ते म्हणाले.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग खडूने काढलेल्या मशीनच्या चौकोनाशी बसल्या आणि विचारलं की इथे काम केलं तर उजेड कुठून येईल. मी चादर बाजूला सारून खिडकी दाखवली. उपअभियंता म्हणाले, "बाई, ही शहरातली मोक्याची जमीन आहे. इथे बसक्या घरांत ती अडकवायची म्हणजे..." काकांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. म्हणाले, "साहेब, या जमिनीजवळचा बाजार आम्ही उतरवतो, दवाखाना आम्ही झाडतो, तुमचे शर्ट आम्ही शिवतो. मोक्याची झाली ती कुणामुळे?" ते हसले, पण मान वळवून. खरं सांगते, ते वाईट नाहीत. त्यांनी नकाशावरच्या गल्ल्या पट्टीने स्वतः मोजल्या आणि बारा फूट भरल्यावर "बरोबर आहे" म्हणाले.

निघताना त्यांनीच मला विचारलं, "नकाशा कुणी शिकवला?"

मी म्हटलं, "पत्रातून शिकले."

"कळलं," ते म्हणाले. "तुमच्या भावाने महिन्यापूर्वी लेखी दिलं की बहीण या वस्तीत राहते आणि तो तिला धोरण समजावून सांगतोय. तेव्हापासून तो नकाशा विभागात नाही. जुन्या फायलींच्या खोलीत आहे, तळघरात. तुम्हाला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हतं. उजेड कमी आहे म्हणे. तुला वाक्य पुरं करायला अजून शिकवायला हवं.

मी तुला भित्रा म्हटलं. यांच्यासमोर म्हटलं, सासूबाईंसमोर म्हटलं. आज सकाळी दोघांसमोर परत घेतलं. आता तुझ्यासमोर घेतेय.

ताई


२७ मार्च

ताई,

सांगितलं असतं तर तू नकाशा सोडून माझी काळजी करत बसली असतीस. तुला दोन्ही जमलं नसतं.

लेखी दिलं नसतं तर कुणीतरी पुढे उकरून काढलं असतं आणि मग तुमचा आराखडा माझ्यामुळे बाद झाला असता. आता त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि खरं सांगू का, बारा घरं बसवल्याबद्दल शाबासकी घेतली तेव्हा झोप लागली नव्हती, इथे फायलींच्या धुळीत लागते. गेल्या बारा वर्षांत मी काढलेल्या इमारती आणि तिथे आज किती घरांत मूळ माणूस राहतो, हे दोन कागद शेजारी ठेवून बघतोय. त्याचं टिपण संचालकबाईंना देणार आहे. कुणी मागितलेलं नाही.

आराखड्याच्या तीन प्रती द्या, प्रत्येक पानावर तारीख घाला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सुनावणीत तू बोल. धोरणाची पानं वाचू नकोस, ती त्यांच्याकडे आहेत. सासूबाईंचं दार सांग.

पेन्सिल


१८ एप्रिल

पेन्सिल,

ऐकलं त्यांनी. सुनावणी दोन तास चालली आणि नोटीस मागे घेतली. मी हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं, मलाच खरं वाटेना म्हणून. नोटीस मागे घेतली.

सगळं एकदम नाही मिळालं. तीन टप्पे आहेत. या वर्षी पहिली साठ घरं, ती नीट उभी राहिली तर पुढची, आणि तिसऱ्या वर्षी उरलेली सगळी. पाया, खांब, पहिला स्लॅब, पाणी आणि संडास खातं करणार, बाकी आम्ही. घराच्या कागदावर नवराबायको दोघांची नावं. चौदा कुटुंबांनी आपणहून तिकडचे फ्लॅट मागितले, त्यांची कामं त्या बाजूला आहेत. त्यांना आम्ही टाकीपर्यंत पोचवायला गेलो, कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

बाई शेवटी म्हणाल्या, "हे कलम आम्हीच लिहिलं, पण कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं." आणि दारं आता सगळ्या इमारतींत बाहेर उघडणार आहेत. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "एवढे शिकलेले लोक!"

आता तुझं. पहिल्या साठ घरांना जागेवर एक माणूस हवा, आखणी करणारा, रोज माणसांशी बोलणारा. बाई म्हणाल्या, "फायलींच्या खोलीतून एक टिपण आलंय माझ्याकडे. तो माणूस मला हवाय. पण तुमचं घर त्या साठात असलं तर मी त्याला पाठवू शकत नाही. उद्या कुणी बोट दाखवेल." पहिल्या साठांसाठी दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढायच्या होत्या. तीनशे चार नावं, साठ घरं. मी म्हटलं, विचारून सांगते.

घरी आले. हे म्हणाले, "तू आणि आई ठरवा, मी कुठेही झोपतो." सासूबाई भाजी निवडत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. चिठ्ठीत नाव टाकलं तर कदाचित या वर्षीच घर मिळेल. नाही टाकलं तर तिसऱ्या वर्षी नक्की, पण तोवर पत्रा. आणि माझा भाऊ येतो की नाही ते त्यावर आहे.

त्यांनी निवडायचं थांबवलं. "दुसरा कुणी आला तर?"

"कुणीही येईल. चांगलाही असेल."

"दार विचारेल का?"

"माहीत नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं म्हणजे मी ऐंशीची होईन."

मी म्हटलं, "नाव टाकूया का मग?"

"नको. साठ घरांत साठ म्हाताऱ्या असतील." परत भाजी ओढून घेतली. "त्याला लिही, येताना उशीर करू नको. आणि काम जरा भरभर कर म्हणावं, मला घाई आहे."

सोमवारी सकाळी सातला आखणी सुरू होते. जुनी चप्पल घाल, मैदानात चिखल आहे.

ताई